सक्रीबाईची चौदा अंडी आणि माझं खोकं

सक्रीबाई टोपली घेऊन माझ्या दारात आली, तो रविवार होता. साल सहासष्ट असावं, थंडीचे दिवस. आर्णीजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, वय एकवीस... एका खोलीत एकटीच राहायचे.

सक्रीबाई शेजारच्या बंजारा तांड्यावरची. माझ्याकडे अंडी, भाजी आणून द्यायची. त्या दिवशी मात्र ती विकायला आली नव्हती. रानमांजरानं तिचा खुराडा फोडून सगळ्या कोंबड्या मारल्या होत्या, कोंबडासुद्धा. उरली होती आधीच्या आठवड्यातली चौदा अंडी.

"मह्या याडीनं लग्नात कोंबडी देल्ली होती बाई, तिचीच ही पैदास," ती म्हणाली. याडी म्हणजे तिची आई... ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. अंडी उबवायला खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसून राहणारी कोंबडी पाहिजे आणि त्या थंडीत ना तांड्यावर एक खुडूक होती, ना गावात.

आता खरं सांगते... वाईट वाटलंच, पण त्याआधी माझ्या डोक्यात एक चित्र चमकलं. शाळेच्या कपाटात शेतीचं एक जुनं मासिक होतं. त्यात कोंबडीशिवाय अंडी उबवायच्या पेटीचं चित्र होतं. ते मी इतक्या वेळा पाहिलं होतं की पान सुटं झालं होतं!

"अंडी ठेवून जा," मी म्हटलं. "आपण पेटी करून बघू."

"पेटी अंड्यावर बसंन?" सक्रीबाईनं विचारलं. थट्टेनं नाही... तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

चहाचं लाकडी खोकं मिळालं. त्याचा तळ काढून तिथे पत्रा ठोकला, पत्र्यावर वाळू पसरली. आतल्या बाजूंना गोणपाटात कापूस भरून शिवला... आमच्याकडे कापसाला काय तोटा! खोकं विटांवर ठेवलं आणि पत्र्याखाली रॉकेलची चिमणी. झाकणाला माझ्या फोटोच्या फ्रेमची काच बसवली, म्हणजे आतलं दिसावं. कोपऱ्यात पाण्याची वाटी, हवा कोरडी पडू नये म्हणून.

अडलं ते थर्मामीटरपाशी. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे ताप बघायचे दोन होते, त्यातला एक त्यांनी दिला. "जपून हो," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या दिवशी पेटी रिकामीच तापवली. एकदा एकशे सहा, एकदा सत्त्याण्णव... वात वर-खाली करून, झाकणाला फट ठेवून शेवटी पारा एकशे दोनवर आला. मग अंडी ठेवली. प्रत्येकावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला टिंब... दिवसातून तीनदा उलटवायची, कुठलं राहिलं ते कळावं म्हणून.

सक्रीबाई रोज संध्याकाळी यायची. मी थर्मामीटर झटकून आत ठेवायचे आणि मोठ्यानं आकडा वाचायचे. ती अंडी हातात घेऊन पाहायची आणि न बोलता जागेवर ठेवायची.

सातव्या दिवशी दार-खिडकी लावून टॉर्चवर एकेक अंडं धरलं. तीन अंडी नुसतीच पिवळी दिसली, ती काढून टाकली. बाकी अकरांत लाल रेषांचं जाळं... आणि मधे एक ठिपका हलत होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ बघतच राहिलो.

सतराव्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी आले. थर्मामीटर झटकायला गेले आणि हात चौकटीवर आपटला... काच फुटली, पाऱ्याचे मणी फरशीवर पळाले.

मला रडूच आलं. नवीन आणायचा तर यवतमाळला जायला हवं, एवढ्यात अंड्यांचं काय होईल? तेवढ्यात सक्रीबाई आली. मी तिला फुटलेली काच दाखवली. म्हटलं, "सक्रीबाई, आता आत ऊब किती आहे ते कळायचं नाही हो."

"काहून नाही कळत?" म्हणत तिनं पेटीतून एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि अंडं पापणीवर टेकवलं. "हे थंडं पडून राह्यलं. वात वाढवा जराशी."

थोड्या वेळानं तिनं ते माझ्या पापणीवर ठेवलं. "आता बरं हाय. ध्यानात ठेवा." हाताला जे अंडं नुसतं कोमट लागत होतं, त्याची ऊब पापणीला नेमकी कळत होती!

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"याडी असंच पाहे. मी बी रोज पाह्यतो ना... तुमी आकडा वाचता तवा."

मी आकड्यातच इतकी गुंतलेली असायचे की ती अंडं कुठे टेकवते हे कधी बघितलंच नव्हतं. "मग बोलला का नाहीत?"

ती हसली. "तुमी कवा इचारलंच नाही बाई. अन् तुमचा आकडा चुकत बी नव्हता."

पुढचे चार दिवस आम्ही पापणीच्या भरवशावर काढले. एकविसावा दिवस कोरडा गेला... बाविसाव्या दिवशी सकाळी पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली. मी शाळेत जायच्या आधी तांड्याकडे पळत सुटले. दुपारपर्यंत अकरातली आठ पिल्लं बाहेर आली होती. ओल्या अंगानं पडत, उठत, एकमेकांवर चढत...

सक्रीबाईनं एक पिल्लू गालाला लावलं आणि तिच्या बोलीत कितीतरी वेळ त्याच्याशी बोलत राहिली. मला त्यातला फक्त 'याडी' हा एक शब्द कळला.

नर्सबाई थर्मामीटरवरून माझ्यावर खूप चिडल्या. पण संध्याकाळी पिल्लं बघायला आल्याच!

जूनमध्ये माझी बदली वणीला झाली. पुढे एकतीस वर्षं शाळांमध्ये शिकवलं. वर्गात एखादं मूल गप्प बसलेलं दिसलं की त्याला येत नाही असं धरून चालायचं नाही, आधी विचारायचं... हे मला डी.एड.च्या पुस्तकानं नाही, सक्रीबाईनं शिकवलं. तिला तोंडावर हे कधी म्हटलं नाही, याची रुखरुख आहे. म्हणून आज इथे लिहिलं.