नावं घेता घेता

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एक शाळा आहे, तिथं कडुबा सर मराठी शिकवतात. मूळचे देवगाव रंगारीचे. शाळेत कुणी मेलं, कुणी निवृत्त झालं, कुणी निवडून आलं, तरी भाषण लिहायचं सरांनीच. सुनेच्या डोक्यावर हंडा यावा तसं हे काम त्यांच्याकडं आलं, अन् मग उतरलंच नाय.

जानेवारीत करिअर दिन असतो. नववी-दहावीची पोरं माईकवर येऊन आपल्याला काय व्हायचंय ते सांगतात. सांगतात काय, सरांनी लिहिलेलं म्हणतात. सरांनी आजवर इतके कलेक्टर लिहिले, की ते खरे झाले असते तर जिल्हे कमी पडले असते. आता घसा बसतो, पाय सुजतात, अन् 'गरुडभरारी' लिहिताना सरांना जांभई येते.

त्यातून नावांची भानगड. एका साली एका पोरानं भाषणात एका पाहुण्याचं नावच घेतलं नाय. पाहुणा शाळेला पाण्याची टाकी देणार होता. तो रुसून उठला, अन् टाकी त्याच्यासंगं गेली. तवापासून मुख्याध्यापक व्यंकटराव सरांचा हुकूम आहे: आधी व्यासपीठावरच्या समद्यांची नावं, ज्याच्या त्याच्या मानानं, मग काय बोलायचं ते बोला. म्हणून कडुबा सर तालमीत आधी नावं घोकून घेतात. भाषण चुकलं तर पोराचं हसं होतं, नाव चुकलं तर सरांची खरडपट्टी.

यंदा दहावीतली मंजुषा आली.

"काय व्हायचं गं? डॉक्टर का कलेक्टर? दोन्ही तयार हायेत."

"मोटारी भरायच्यात, सर."

सरांनी चष्मा काढला.

"विहिरीवरच्या मोटारी. जळाली की जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. सोयगावला मामाचं दुकान हाय, दिवाळीत तिथंच शिकले. आता आयटीआय करायचंय."

"घरी ठाव हाय?"

"नाय. पप्पा डॉक्टरकीच्या क्लासला नाव सांगून आलेत. घरी मी तोंड उघडलं की पहिल्याच वाक्याला तोडतात. त्या दिवशी ते येणार हायेत. माईकवर बोलणाराला कोण तोडंल, सर?"

सरांनी सवयीनं 'विद्युत क्षेत्रातील सुवर्णसंधी' असं भाषण लिहून दिलं. तिनं वाचून परत केलं.

"हे मी बोलतेय असं पप्पांना वाटायचंच नाय, सर."

"मग तूच लिही. तेवढाच माझा जीव सुटला."

तिनं लिहिलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तालीम चालायची. 'मोटार जळायच्या आधी वास येतो. मामा म्हणतो, ज्याला वास कळला तो निम्मं शिकला,' अशी तिची सुरुवात. सरांनी लाल पेन खिशातून काढलाच नाय. दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घेतल्या. आधी नावं. अन् वेळ संपल्याची घंटी झाली की 'एवढे बोलून' म्हणायचं अन् खाली उतरायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. मग शाली, नारळ, फोटो. एकाची शाल घसरली म्हणून त्याचा सत्कार पुन्हा. प्रमुख पाहुणे वेळेचं महत्त्व सांगायला उठले, ते बसायचं नाव घेईनात. शेवटी व्यंकटराव सर कडुबा सरांच्या कानाला लागले.

"मंडपवाल्याला खुर्च्या दुसरीकडं न्यायच्यात. पोरांना एकेक मिनिट द्या. नावं सोडू नका मात्र."

मंजुषा पलीकडं पायरीवर उभी होती. 'नावं राहू दे, सरळ मोटारीवर ये,' एवढंच जाऊन सांगायचं होतं. सर सकाळपासून उभेच होते. व्यंकटराव सर शेजारी होते. सर गेले नाय.

तिनं माईक धरला. मागच्या रांगेत तिचा बाप बद्रीनाथ, कंपनीतली ड्यूटी बदलून आलेला, फोन उंच धरून शूटिंग घेत होता.

"आदरणीय व्यासपीठ..." अध्यक्ष झाले, उपाध्यक्ष झाले, सचिव, सहसचिव, प्रमुख पाहुणे, त्यांच्यासंगं आलेले पाहुणे. ऐन वेळी दोघं येऊन बसले होते, त्यांचीही नावं तिनं खाली विचारून ठेवली होती. एक सुटलं नाय.

"तर मित्रांनो, मला..."

घंटी वाजली.

तिनं सरांकडं पाहिलं. सर बुटांकडं बघत होते.

"एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

टाळ्या कडाडल्या. व्यासपीठ खूश. "याला म्हणतात तयारी!" व्यंकटराव सर म्हणाले.

सुटल्यावर बद्रीनाथनं गेटपाशी सरांना गाठलं. "आवाज खणखणीत हाय हो पोरीचा. पण तिला व्हायचं काय, ते राहिलंच की!"

मंजुषा शेजारी ओढणीचं टोक पिरगाळीत उभी होती. सरांना घरी जायचं होतं. आपणच सांगून मोकळं होता आलं असतं.

"तिलाच इचारा. पण मधी बोलायचं नाय."

"मी कुठं मधी..."

"हे बघा, बोललात." सर पोरीकडं वळले. "सांग. अन् नावं नको घेऊ कुणाची."

ती बोलली. मोटारीचा वास, मामाचं दुकान, आयटीआय, समदं. बद्रीनाथनं तोंड उघडलं की सर हात वर करायचे, चौकातल्या पोलिसागत.

तिचं झालं. बद्रीनाथ गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला.

"दिवाळीत मामाकडून आलीस तवा नखं पाहिली व्हती मी. मोटारीच्या तारंचं रोगण निघत नव्हतं. म्हणलं, सांगंल कधीतरी."

"बोलू कुठं देता?"

"दिलं ना आत्ता! सर उभे हायेत म्हणून का व्हईना." त्यानं गाडीला किल्ली लावली. "क्लासवाल्याचं मी बघतो. आईला तू सांगायचं. ते माझ्याच्यानं व्हायचं नाय."

पोरगी हसली. बद्रीनाथ सरांना म्हणाला, "आयटीआयचं कुठं, काय भरायचं असतं हो?"

"मी मराठी शिकवतो, बद्रीनाथराव."

"तरी चौकशी करा की. तयारी तुम्हीच करून घेतली ना?"

"बरं," सर म्हणाले. ते दोघं गेले.

आत मंडपवाला खुर्च्या आदळत होता. मागून व्यंकटराव सरांची हाक आली, "कडुबा सर, सव्वीस जानेवारीच्या भाषणांचं काय?"

सरांना ऐकू आलं होतं. ते रिक्षाला हात करीत तसेच पुढं गेले.