हरणासाठी दोन पाती

म्युनिकमधले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी गिअरबॉक्सचे इंजिनिअर आहेत आणि धनुष्यबाणाने शिकार करतात. जर्मनीत त्याला बंदी आहे, म्हणून वर्षातून एकदा ते अमेरिकेत मेव्हण्याकडे जातात. इथल्या क्लबात रबरी हरणांवर नेम धरायलाही लोक पिसांच्या टोप्या घालून येतात. हे ऑफिसच्याच स्वेटरमध्ये. त्यांच्या डाव्या हातावरचे केस गेलेले दिसले की रजा जवळ आली समजावं, कारण बाणाच्या पात्यांची धार ते तिथेच तपासतात.

“टर्कीला रुंद, तीन पात्यांचं टोक,” ते जिन्यात थांबवून सांगतात. “हरणाला दोनच पाती. साध्या धनुष्याचा जोर कमी, पण दोन पाती आत शिरतात. गेनाऊ?”

मी मानेनेच गेनाऊ, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणतो.

यंदा शेवटच्या दिवशी हरीण अगदी समोर आलं. बाण चढवताना त्यांना दिसलं, की पातं कुठेतरी घासून बोथटलं आहे. त्यांनी धनुष्य खाली घेतलं, आणि दुसरा बाण काढेपर्यंत हरीण पसार झालं.

“अहो, एवढ्या लांब जाऊन!” वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या. “त्या हरणाला काय कळणार होतं धारेतलं?”

बशीतले पोहे चिवडत ते म्हणाले, “अगं, त्यालाच तर कळलं असतं.”