हाड्री

शेजारच्या सुनेनं मोबाईलवर कानडी गाणं लावलंय, बाहेर पाऊस पडायलाय, आन् मला मेलेली बायको आठवायलीय.

नवं लगीन, डोक्याला कसली फिकीर न्हवती. मंठाळच्या रानात तूर खुरपताना पाऊस आला, तवा दोघं लिंबाखाली थांबलो. मी गाणं म्हणत होतो. मधीच थांबलो, तर ही कानडी मुलखातली पोरगी म्हणाली, “हाड्री!”

मी भडकलो. “हाड करायलीस? मी काय कुत्रं हाय?”

ती हसून हसून चिखलात बसली. “अवो, आमच्यात हाड्री म्हंजे गाणं म्हणा!”

मग पाऊस उघडला तरी मी गातच होतो.

गळा अजून धड हाय. पण मधी थांबलो तर पुढं म्हणा म्हणायला कुणी न्हाई, म्हणून सुरूच करत न्हाई.