कासवभाऊ आणि बाजारातला निळा ठिपका

लोकांची घरं पाठीवर घेऊन फिरतो म्हणून त्याला सगळे कासवभाऊ म्हणत. वेगाशी या नावाचा काडीचाही संबंध नव्हता. सकाळी एका घरातला संसार उचलून दिवेलागणीला तो दुसऱ्या घरात मांडून द्यायचा. घरमालकाला स्वतःची चप्पल शोधायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात याचं स्वयंपाकघर बांधून तयार.

त्याचं एक तत्त्व होतं. रिकामं काही हलवायचं नाही. बादलीत बरण्या, बरण्यांत चमचे, बुटांत काचेचे पेले. "पोकळ जागा म्हणजे फुकट्या प्रवासी," तो म्हणायचा. ट्रक चालवणारी त्याची बायको यावर हमखास म्हणे, "नशीब, यांच्या डोक्यात अजून कुणी मोजे कोंबले नाहीत."

आणि दर कामाच्या सुरुवातीला तो छाती फुगवून सांगे, "आजवर एक चमचा हरवलेला नाही."

संगीतशाळा हलवायची ठरली तेव्हाही त्याने हे ऐकवलं होतं. शाळा बाजारात होती, बेकरीच्या वरच्या मजल्यावर. नवी इमारत गावाबाहेर, बंद पडलेल्या दगडखाणीपलीकडे. आजूबाजूला झुडपं आणि वारा. पियानो उतरला, ढोल उतरले, आणि तेवढ्यात मोठ्या बाईंचा लॅपटॉप सापडेना. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. जुन्या विद्यार्थ्यांची सगळी रेकॉर्डिंग त्या एका लॅपटॉपमध्ये होती, दुसरीकडे कुठेही नव्हती.

खुर्च्या अजून ट्रकमध्येच होत्या, म्हणून बाई पियानोच्या बाकड्यावर बसल्या आणि मोबाइलवर हरवलेली वस्तू शोधायचं पान उघडलं. नकाशावर निळा ठिपका उमटला. बाजारात. बेकरीच्या डोक्यावर.

"चालू आहे, म्हणजे कुणीतरी वापरतंय," बाई म्हणाल्या. "तिथे आत्ता कोण आहे?"

कासवभाऊने बायकोकडे पाहिलं. जुन्या शाळेत झाडू मारायला त्याचा मेहुणा थांबला होता. एकटा.

"माझा भाऊ आहे," बायको म्हणाली. "आणि त्याला हार्मोनियम आणि लॅपटॉप यांतला फरक कळला तरी खूप झालं."

"मी कुणावर आरोप करत नाही. पण ठिपका खोटं बोलतो का? लॅपटॉपची बॅटरी लाल झालीय. ती संपायच्या आत पोलिसांना दाखवते."

कासवभाऊचं इतक्या वर्षांचं नाव एका ठिपक्यावर येऊन टेकलं होतं. त्याने मेहुण्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "भावजी, इथे भिंतीत खिळे आहेत आणि मी आहे. दोघांपैकी काय आणू?"

बासरीचे सर कोपऱ्यात वायरी सोडवत होते. ते म्हणाले, "बाई, लॅपटॉपला उपग्रहाचं काही ऐकू येत नाही हं. मोबाइलला येतं. लॅपटॉपचा ब्राउझर जागा ओळखतो ती आसपासच्या वायफायच्या डब्यांवरून. कुठले डबे जवळ आहेत, कुठला जोरात ऐकू येतो, हे तो दूर कुठेतरी कळवतो. तिथे आधीच नोंद असते, हा डबा अमक्या गल्लीत, तो तमक्या घरात. त्यावरून ठिपका पडतो."

"आणि डब्यानेच घर बदललं तर?" बायकोने विचारलं.

सरांच्या हातातली वायर थांबली.

"नोंदवणाऱ्यांना कोण सांगायला जातं?" तिने पुढे विचारलं.

"मुद्दाम कुणी नाही. लोक मोबाइल घेऊन जवळून जातात, त्यावरून हळूहळू कळतं."

"इथून कोण जातंय? खाणीतली गाढवं?"

कासवभाऊ ताडकन उभा राहिला. "जुन्या शाळेतले सगळे डबे मी स्वतः उपटून आणलेत. जिन्यातला, ऑफिसातला, नाचाच्या वर्गातला. सर, तुम्हीच तर आल्या आल्या लावलेत. मग तिथे लॅपटॉपला इंटरनेट मिळतंय कुठून, खिळ्यांतून?"

सर धावत टेबलाकडे गेले. ऑफिसचा कॉम्प्युटर नुकताच वायफायला जोडला होता. त्यांनी ब्राउझरमध्ये नकाशा उघडला आणि 'मी कुठे आहे' यावर क्लिक केलं. सगळे मागे गोळा झाले. नकाशा सरकला, सरकला आणि थांबला. बेकरीच्या डोक्यावर.

कासवभाऊने कॉम्प्युटरच्या टेबलावर हात ठेवून ते खरोखर तिथेच आहे याची खात्री करून घेतली. "याला वाटतंय, आपण अजून पावाच्या वासात बसलोय."

"म्हणजे माझा लॅपटॉप..." बाई म्हणाल्या.

"याच छपराखाली," बायको म्हणाली. "वाजवा त्याला, लवकर."

त्या पानावर आवाज करायचं बटण होतं. बाईंनी ते दाबलं. वरच्या खोलीत कुणीतरी झांजा तपासत होतं, त्याला कासवभाऊने असा दम भरला की झांज हवेतच थांबली. सगळे श्वास रोखून उभे. ढोलांना कान लावले, कपाटं उघडली, कासवभाऊ ट्रकमध्येही डोकावून आला. काही नाही.

मग अगदी बारीक, गोधडीतून आल्यासारखं, टिंग टिंग ऐकू आलं. सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. बाईंच्या दिशेला.

"बाई," कासवभाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "जरा उठता का?"

त्या बाकड्याची बैठक उचलली जाते, आत कागद ठेवायला कप्पा असतो. कागद आधीच काढून झाले होते. कप्पा पोकळ राहिला होता. आणि पोकळ काही राहिलं की कासवभाऊचे हात त्याला न विचारता चालतात. बैठक उघडली, तर गोधडीच्या घडीत लॅपटॉप, कोमट. झाकण मिटलं तरी नाचाच्या वर्गात गाणी वाजत राहावीत अशी सोय बाईंनीच करून ठेवली होती, म्हणून तो आतल्या आत जागा होता.

"मी ठेवला," कासवभाऊ म्हणाला. त्याचा चेहरा एकाच वेळी पडला आणि खुलला. "पण हरवला तर नाही."

"काखेत कळसा ऐकलं होतं," बायको म्हणाली. "कळशावर बसून पोलिसांना बोलावणारं आज पाहिलं."

बाई आधी लाल झाल्या, मग इतक्या हसल्या की पियानोला टेकावं लागलं. लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यांनी कासवभाऊचा फोन मागितला आणि स्वतः मेहुण्याशी बोलल्या.

"मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. चुकलं माझं. झाडू ठेवा आणि इकडे चहाला या."

"येतो की. पण इकडे म्हणजे कुठे?"

बाईंनी टेबलावरच्या नकाशाकडे पाहिलं. ठिपका अजून बाजारातच मुक्कामाला होता.

"थांबा," त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईला देते. ती नीट सांगेल."