पक्कं आणि ऐकीव

"कोनं सांगतलं? नाव सांग."

उजव्या हातातला खडू फळ्याजवळ नेऊन बाई थांबत आणि मान न वळवता एवढंच विचारत. मागे उभं असलेलं पोरगं डोकं खाजवू लागे. नाव आलं तर खडू पुढे सरके, नाही आलं तर तो डबीत जाई. गडचांदूरला मी त्यांच्या शेजारी सहा वर्षं होतो. हा प्रश्न त्यांनी मला, दूधवाल्याला, सरपंचांच्या मेहुण्याला आणि एकदा स्वतःच्या सासूलाही विचारलेला मी ऐकला आहे.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची ही गोष्ट. माझं एस.टी.डी. बूथ होतं आणि त्याला लागूनच त्यांच्या घराची पुढची खोली. त्या खोलीत तीन जुने कॉम्प्युटर होते. चंद्रपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात असलेल्या त्यांच्या भावाने ते बसवून दिले होते. दर दोन दिवसांनी त्यांच्यावर सिमेंट कारखान्याची पांढरी भुकटी बसे आणि बाई ती ओल्या फडक्याने पुसून काढत. पोरं त्यांना गेमवाल्या काकू म्हणत. मी बाई म्हणायचो, त्या मला भाऊ. त्यांचा नवरा पोलीस शिपाई, नेमणूक भामरागडच्या पलीकडच्या एका ठाण्यावर. घरी सासू आणि त्या. स्वतः बाईंनी कधी माउस धरून गाडी पळवलेली मी पाहिली नाही.

पोरांना वेड होतं एका मोटारगाडीच्या खेळाचं. परदेशातलं कुठलंसं शहर, त्यात गाड्या पळवायच्या, धडकवायच्या. जास्त दंगा केला की पोलीस मागे लागत आणि पडद्याच्या कोपऱ्यात चांदण्या उगवत. जितक्या चांदण्या, तितके जास्त पोलीस. या खेळाचा पुढचा भाग येणार अशी बातमी आली आणि गावात दुसरं काही बोलणंच उरलं नाही. पोलीस आता पोहणार. पोलीस धावून थकणार. सिग्नलला थांबलं तर पोलीस सोडून देणार. पोलिसांना गाडीचा नंबर पाठ राहणार. यावरून त्या खोलीत कॉलर धरण्यापर्यंत भांडणं झाली.

तेव्हा बाईंनी भिंतीला एक फळा टांगला. मधोमध रेघ. डाव्या बाजूला लिहिलं "पक्कं", उजव्या बाजूला "ऐकीव".

नियम त्यांनी एकदाच सांगितला. "खेळ बनवनाऱ्यानं सोता म्हटलं असंन तं पक्कं. मासिकवाल्याले, नाई तं तुह्या भावाले वाटते असंन तं ऐकीव. कोनाले वाटते थेच माईत नसंन तं फळ्यावर जागा नाई."

बनवणाऱ्याचं म्हणणं गडचांदूरपर्यंत यायचं तेही रांगत. बाईंचा भाऊ चंद्रपूरच्या सायबर कॅफेतून इंटरनेटवरची पानं छापून बसच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा. बाई बारावी झालेल्या. त्या शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक वाक्य लावत. माझ्या बूथवरून मला हे सगळं दिसे. एखादं वाक्य लागलं की त्या स्वतःशीच मान हलवत आणि उठून फळ्याकडे जात.

कारखान्याच्या कॉलनीतला एक मुलगा रोज काहीतरी नवीन आणायचा. एकदा म्हणाला, "काकू, पोलिसाइजवळ कुत्रे राह्यनार हायेत. वास घेऊन शोधनार. पुन्याच्या दादानं सांगतलं."

"दादाले कोनं सांगतलं?"

"त्याच्या दोस्तानं."

"दोस्त खेळ बनवते का?"

"नाई. मेसमधी जेवते."

सगळी खोली हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उजव्या बाजूला लिहिलं, "कुत्रे (मेस)".

त्यांची स्वतःचीही एकदा चूक झाली, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला तो तेव्हापासून. फळ्याच्या डाव्या बाजूला एक दिवस ओळ आली: "हात वर केले तर पोलीस गोळी घालणार नाहीत." पोरांना ती आवडली नाही, पण काकूंनी लिहिलंय म्हणजे झालं. आठवडाभराने बाईंनी सगळ्यांचे खेळ थांबवायला लावले आणि ती ओळ पुसून उजव्या बाजूला लिहिली. "इंग्रजीत 'मे' होतं. 'मे' म्हनजे होईन का नाई होईन, असं. मीनं होईनच वाचलं. माह्यं चुकलं." एवढं बोलून त्या पाणी भरायला आत गेल्या. त्यांना ती गोष्ट खरी व्हायला हवी होती आणि म्हणूनच 'मे' नजरेतून सुटला असावा, असं मला वाटलं. मी तसं कधी विचारलं नाही.

नवरा सुट्टीवर आला की खोलीतल्या स्टुलावर येऊन बसे. उंच, काळासावळा, फार हळू बोलणारा माणूस. पोरांनी एकदा आग्रह करून त्याला खेळायला बसवलं. त्याने परदेशातल्या त्या शहरात आपल्याकडच्यासारखी गाडी डाव्या हाताला धरली, सिग्नल आला तिथे थांबला, आणि समोरून चार गाड्या येऊन आदळल्या. पोरं लोळायची बाकी राहिली.

"तुमच्याकडं किती चांदण्या असल्या की हेलिकॉप्टर येते काका?"

"आमी पायीच जातो बाबू," तो म्हणाला. "चांदन्या वरतेच राह्यतेत."

त्या वर्षी आषाढात पाऊस लागला तो हटेना. भामरागडकडचा रस्ता बंद होऊन चार दिवस झाले होते. पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली आणि तिकडचे फोन मुके. हे दरवर्षीचंच होतं. बाई रोज सकाळी माझ्या बूथवर येत, नंबर लावायला सांगत, लागला नाही की "बरं" म्हणून परत जात.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गल्लीतल्या चार बायका रडतच आल्या. बाई तेव्हा खोली झाडत होत्या. एकीने त्यांना मिठीच मारली. तिकडं नदीत डोंगा उलटला, तुझा माणूस गेला, असं ती म्हणाली. आतून सासू बाहेर आली आणि ऐकून उंबऱ्यातच बसली. पोरं कॉम्प्युटर तसेच सोडून भिंतीला लागून उभी राहिली. मी बूथ टाकून धावलो.

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी पुढे झाल्या. वयाचा आणि अनुभवाचा मान म्हणून असं काम त्यांच्याकडे येई. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. बाईंनी तो सोडवून घेतला.

"माय, बांगड्याले हात नोको लावू. कोनं सांगतलं थे आधी सांग."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीला नवऱ्याने सांगितलं होतं, त्याला पानठेल्यावर कळलं होतं. बाईंनी झाडू कोपऱ्यात ठेवला, सासूला पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, चला."

पानठेला बसस्टँडच्या तोंडाशीच होता. पानवाला त्यांना पाहून उठून उभा राहिला.

"कोनं सांगतलं?"

"सकाळच्या गाडीच्या कंडक्टरनं, बाई."

"त्याचा शब्द सांगा. तुमचा नोको."

"म्हने, भामरागडकडं डोंगा उलटला. एक शिपाई गेला." आणि त्याने बाईंचं आडनाव घेतलं.

"गडचांदूरचा म्हने?"

पानवाल्याने मान खाली घातली. "नाई. थे मीनं म्हटलं. त्या आडनावाचा पोलीस आपल्या इथी एकच हाये ना."

आम्ही स्टँडच्या बाकावर बसून राहिलो. कंडक्टरची गाडी चंद्रपूरला एक फेरी मारून साडेबाराला परत आली. तो भला माणूस. त्याने चंद्रपूरच्या स्टँडवर अहेरीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून ऐकलं होतं, आणि ऐकलं ते फक्त आडनाव. "गडचांदूरचा थे मले इथीच पानवाल्याकडून समजलं. मंग मीबी चंद्रपूरले तेच सांगतलं," तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आलापल्लीला एक बूथवाला माझ्या ओळखीचा होता, म्हणजे आवाजापुरता. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. तीन वाजता त्याचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. ठाण्यात जाऊन येतो म्हणाला. अर्ध्या तासाने माझ्याकडची घंटी वाजली तेव्हा रिसीव्हर मी बाईंच्याच हातात दिला.

डोंगा उलटला होता. एक शिपाई बुडाला होता. आडनाव तेच, नाव दुसरं, गाव मूल तालुक्यातलं. जमादाराने स्वतः कागद बघून सांगितलं होतं. आणि यांचा माणूस पलीकडच्या काठावर ठाण्यातच होता. वायरलेसवर सकाळची हजेरी आली होती, तीत त्याचं नाव होतं.

बाईंनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. मी पाणी दिलं, ते निम्मं पदरावर सांडलं. त्यांनी पदर पिळला. मग म्हणाल्या, "भाऊ, मूलकडच्या बाईले कोनं सांगतलं असंन?"

"साहेब लोक सांगतील. ते त्यांचं काम आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "पन पानठेला तं तिच्याबी गावात असंन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. त्या का जात होत्या हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं, आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मी बरोबर. चंद्रपूर, तिथून मूल, तिथून धानाच्या बांध्यांमधून दोन मैल पायी. घर शोधावं लागलं नाही. अंगणात गाव जमलं होतं. आदल्या संध्याकाळी पोलिसांची जीप येऊन सांगून गेली होती, प्रेत दुपारपर्यंत येणार होतं.

पण त्या घरातली बाई रडत नव्हती. पंचविशीची असेल. सगळ्यांना समजावत होती.

"साहेबाइची चूक झाली. मेला थो गडचांदूरवाला. आमच्या गावच्या पोरानं चंद्रपूरच्या स्टँडवर कंडक्टरच्या तोंडून ऐकलं. आडनाव एकच हाये म्हनून साहेब इकडं आले." ती हे पुन्हा पुन्हा सांगत होती, नवीन माणूस आलं की पुन्हा पहिल्यापासून. कुणी तिला नाही म्हणत नव्हतं. म्हणवतही नसेल.

आम्ही दोघं अंगणाच्या कडेला उभे होतो. आपण इथूनच परत फिरावं असं मला वाटलं, आणि मी बाईंच्या पदराला हात लावून तसं सुचवलंही. त्या पुढे गेल्या. तिच्यासमोर खाली बसल्या.

"गडचांदूरवाल्याची बायको मी होय," त्या म्हणाल्या.

ती मुलगी बोलायची थांबली. तिने बाईंच्या कपाळाकडे पाहिलं. मग हातांकडे, हिरव्या बांगड्यांकडे.

"मंग तुमी कायले आल्या?" तिने विचारलं.

"माईत नाई, बाई," बाई म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी सरकून भिंतीला टेकून बसल्या.

तिचं रडू त्यानंतर फुटलं. दुपारी प्रेत घेऊन गाडी आली. सगळं आटपेपर्यंत आम्ही थांबलो. परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. बल्लारपूर गेल्यावर त्या एकदाच बोलल्या. "काल साडेतीनला मले बरं वाटलं होतं, भाऊ. लय बरं वाटलं होतं."

पाणी उतरल्यावर नवरा चार दिवस घरी आला. दारात चप्पल काढताना बाईंनी त्याला "जेवता का?" एवढंच विचारलेलं मी ऐकलं. फळा काही दिवस कोरा राहिला, मग पोरांच्या हट्टाने पुन्हा भरू लागला. पण आता बाईंच्या मांडीवर इंग्रजी पानांच्या जोडीला सरकारी कागद दिसत. मूलकडच्या बाईला नवऱ्याच्या जागी नोकरी मिळावी म्हणून अर्ज करायचे होते, आणि कुणी म्हणे इतकं शिक्षण लागतं, कुणी म्हणे इतक्या दिवसांत करावा लागतो. बाई माझ्या बूथवरून ऑफिसात फोन लावत आणि बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा विचारून घेत. महिन्यातून एकदा त्या मूलला जात. मी पुन्हा बरोबर गेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याची बदली चंद्रपूरला झाली. सामान टेम्पोत चढलं. कॉम्प्युटर भावाने परत नेले. खोलीत नंतर खताचं दुकान आलं. खेळाचा तो पुढचा भाग आला तेव्हा पोरं तो राजुऱ्याला जाऊन खेळली. मोबाइल आले, माझंही बूथ बंद पडलं, मी गाव सोडलं.

मला त्या एकदाच पुन्हा दिसल्या, तीन-चार वर्षांनी, हिवाळ्यात, चंद्रपूरच्या स्टँडवर. माझी बस सुरू झाली होती. फलाटाच्या कठड्यावर दोघी बसल्या होत्या. मूलची बाई ऑफिसात जातात तशी पिन लावलेली साडी नेसली होती, मांडीवर फाईल होती, आणि हातवारे करून कसलीशी हकीकत सांगत होती. बाई संत्रं सोलत होत्या. दोन फोडी सोलल्या की एक तिच्या तळहातावर ठेवत, एक स्वतः खात. ती बोलता बोलताच फोड तोंडात टाकी आणि न बघताच हात पुन्हा पुढे करी.