भाऊसोंचा ब्रेक ड्रम

कळंब्यातले आमचे शेजारी भाऊसो तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. निवृत्तीनंतर धुवायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी जुनी मारुती घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे. बायकोला, म्हणजे मीनाक्षीवहिनींना, त्यांनी शब्द दिला, "पहिली फेरी पन्हाळ्याला." वहिनींनी त्याच दिवशी डब्याची पिशवी दाराला अडकवली.

त्याला तीन वर्षं झाली. मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम गेला होता. भाऊसोंनी भंगारातून दुसरा आणला, बिडाचा, गंजून लालभडक. चिंचेच्या पाण्यात भिजवला, तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी आतून परत लाल! तेल लावावं तर ब्रेक लागणार नाही. मग पुन्हा चिंच, पुन्हा ब्रश. घरातल्या आमटीला आंबटपणा उरला नाही. धो धो पावसाच्या गगनबावड्याकडं ढग दिसला की भाऊसो वहिनींची शाल ड्रमला गुंडाळायचे. शेवटी दमट हवा नको म्हणून ड्रम तांदळाच्या डब्यात राहायला गेला. पाहुण्यांना भात वाढताना वहिनी मान वर करत नसत. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा.

मेकॅनिक धैर्यशील सांगून सांगून थकला, "काका, बसवा आणि फिरवा की! ब्रेक मारल्यावर आतला गंज घासून आपसूक निघतोय."

"गंजका माल मी बसवणार न्हाय."

परवा भाऊसो चिंच आणायला बाजारात गेले. वहिनींनी तांदूळ उपसले आणि ड्रम धैर्यशीलच्या हातात दिला. भाऊसो परतले तेव्हा चाक बसलं होतं आणि वहिनी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर होत्या.

"बसतायसा, का घासतायसा?"

भाऊसो बसले. मीही मागं घुसलो, हे कोण चुकवणार! घाटात ते प्रत्येक वळणाला ब्रेक मारत होते. पन्हाळ्यावर पोचताच वहिनी किल्ल्याच्या तटाकडं गेल्या आणि भाऊसोंनी जॅक काढला. भर पार्किंगमध्ये चाक खोलून ड्रम उपसला. आत नुसता आरसा!

"मीनाक्षी, निघाला गं गंज!" तापलेला ड्रम फडक्यात घेऊन, छातीशी धरून ते तटापर्यंत पळाले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते समोरचा मुलूख बघून.

"खरं, रोज फिरवाय लागतंय," भाऊसो धापा टाकत म्हणाले, "न्हायतर परत चढतोय."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"व्हय? मग उद्या गगनबावडा."

भाऊसोंनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग वहिनींकडं, आणि ड्रम घेऊन चाक बसवायला गेले.