मेसच्या दारात बसलेली माणसे

पोलीस खात्यात पुष्कळ गुन्ह्यांचा तपास केला, पण मनात घर करून राहिले ते निवृत्तीनंतरचे, कतारमधले एक प्रकरण. विश्वचषकासाठी तिथे बांधकामे जोरात चालू होती. मुलगी-जावई दोहा शहरात, अल मुंतझा भागात राहत. जावयाच्या ओळखीने मी एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. शहराच्या कडेला, मुऐदर वस्तीच्या पलीकडची कामगारांची छावणी माझ्याकडे होती.

एका सकाळी छावणीचा मॅनेजर, आपल्याच नाशिककडचा, धापा टाकत आला.

"साहेब, काल आफ्रिकन लोकांनी मेसच्या काचा फोडल्या. त्या म्हाताऱ्या पुढाऱ्याचंच काम. रिपोर्ट द्या, त्याला परत पाठवू. खलास!"

हा पुढारी आमच्याच गेटवरचा गार्ड. मूळचा आफ्रिकेतल्या एका बंदराच्या गावातला शिक्षक. देशाचा कारभार, शाळा, बाजार सगळे काळ्या माणसाच्या हाती असावे म्हणून त्याने पक्ष काढला, गोदी कामगार उभे केले, तुरुंग भोगला. सत्ता उलटली, पक्षावर बंदी आली आणि तो पोटासाठी इथे आला. दर शुक्रवारी आफ्रिकन कामगार त्याचे बोलणे ऐकायला जमत.

मी त्याला बोलावले.

"काचा कोणी फोडल्या?"

"माझ्या माणसांनी नाही. ती दाराबाहेर जमिनीवर बसली होती."

"कशासाठी?"

"आम्हाला वेगळ्या रांगेत, सगळ्यांच्या शेवटी जेवण मिळतं. मी सांगितलं, रांग एक होईपर्यंत जेवायचं नाही. आणि कोणावर हातही उचलायचा नाही."

"बसलेल्यांची नावं सांगा."

"माझं लिहा. बसायला मी सांगितलं."

या प्रश्नावर भल्याभल्या पुढाऱ्यांना दुसऱ्याचे नाव आठवते, हा माझा अनुभव. मी उठून थेट मेसवर गेलो.

मॅनेजरने पुरावा राहावा म्हणून कोणाला झाडू मारू दिला नव्हता, तेच कामी आले. काचेचे तुकडे बहुतेक सगळे बाहेर, वाळूत पडले होते. बाहेरून दगड आला असता, तर ते आत पडले असते. त्या वेळी दार आतून बंद होते, आणि आत होते आचारी आणि मॅनेजर. मी मुख्य आचाऱ्याला बाजूला घेतले, चहा दिला. अर्धा कप संपायच्या आत तो बोलला.

"मॅनेजरसाहेबांनीच स्टूल मारलं, साहेब. म्हणाले, ही माणसं अशी उठून भांडणार नाहीत, भडकवल्याशिवाय यांना हाकलता येणार नाही. अंगावर काचा पडल्या तरी उठली नाहीत. एकाचं कपाळ फुटलं. म्हाताऱ्यानं त्याला रुमाल बांधला आणि परत शेजारी बसवलं."

मी रिपोर्ट दिला. मॅनेजर गेला, रांग एक झाली. म्हाताऱ्याला कंपनीने मुख्य गार्डची जागा देऊ केली, अट एकच, शुक्रवारचे बोलणे बंद.

"घ्या ना, घरी चार माणसं आहेत," मी म्हणालो.

"वर्दी कंपनीची आहे. तोंड माझं आहे."

त्याचे कंत्राट पुढे वाढवले नाही.

जमाव भडकवणारे मी नोकरीत खूप पाहिले. अपमान झालेल्या, उपाशी माणसांना शांत बसवणारा हा एकच. अशा माणसामागे किती ताकद असते, हे मला बंदोबस्ताच्या इतक्या वर्षांत कळले नव्हते, ते त्याने शिकवले.

विमानतळाची बस आली तेव्हा नेपाळी, केरळी, आफ्रिकन सगळे गेटवर आले होते. माझा हात सवयीने सलामासाठी वर गेला. त्याने मान हलवली.

"सलाम नको. हात द्या."